चौघांचा पासवर्ड

वर्ध्याजवळच्या सेलूच्या समाज भवनातला संगणक रोज सकाळी अकराला चार माणसं मिळून सुरू करत. संगणक समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाचा होता आणि त्यात एक हजार चारशे बारा लग्नाळू मुलामुलींची उंची, रंग, शिक्षण, शेती आणि मामाचं गाव अशी सगळी जंत्री होती. त्याचा पासवर्ड बारा अक्षरांचा. त्यातली तीन-तीन अक्षरं चार विश्वस्तांना वाटून दिलेली, आणि कोणाची तीन कोणती हे दुसऱ्याला ठाऊक नाही. ज्या बाईला त्या संगणकावर दिवसभर काम करायचं होतं, त्या छायाला एकही अक्षर दिलेलं नव्हतं, कारण ती पगारी नोकर होती.

हसू नका, यामागे इतिहास आहे. पूर्वी मंडळाची माहिती एका जाड वहीत असे. एका सचिवानं ती वही पंधरा दिवस घरी नेली, आणि वही परत येईपर्यंत त्याच्या तीन पुतण्यांची आणि एका मेव्हण्याची सोयरीक जुळलेली होती, तीही वहीतल्या निवडक पोरींशी. तेव्हापासून वही लोखंडी पेटीत गेली, पेटीला चार कुलपं लागली आणि चार किल्ल्या चौघांच्या कमरेला गेल्या. पुढे वही जाऊन संगणक आला, तर त्यालाही याच रीतीनं चार कुलपं लागली. पेटी रिकामी पडल्याची सगळ्यांना हळहळ वाटली, म्हणून वायफायचा डबा चोरीला जाऊ नये अशा काळजीनं त्या पेटीत ठेवण्यात आला. लोखंडात कोंडलेला डबा रेंज तरी कुठून देणार? इंटरनेट यायचं ते मेहेरबानी केल्यासारखं यायचं.

चौघांत अध्यक्ष चंद्रभानजी म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. सचिव हेमराजभाऊंचं बी-बियाण्यांचं दुकान. तिसरे श्रावण गुरुजी, ज्यांनी अर्ध्या तालुक्याला पाढे शिकवले, आणि चौथ्या महिला प्रतिनिधी रुख्माबाई. एकानं कीबोर्डापुढे बसायचं आणि बाकीच्यांनी, छायासकट, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. बसणारा एका बोटानं अक्षर शोधी आणि शोधताना पुटपुटे, "कॅपिटल के... कुठं लपला बे हा के?" चौघांचेही कान थकलेले, त्यामुळे आपण पुटपुटतो हे कोणाला कळत नव्हतं आणि दुसऱ्याचं पुटपुटणं ऐकू येत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या छायाचे कान मात्र शाबूत होते. संगणक आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला बाराच्या बारा अक्षरं पाठ झाली होती. तरी दर एक तारखेला 'मला पासवर्ड माहीत नाही' असं तिच्याकडून लिहून घेतलं जाई, आणि ती सही करून देई. हळूहळू ते खोटं लिहिणंही अंगवळणी पडलं.

छायाचं स्वतःचं नावही त्या यादीत होतं. तेविसाव्या वर्षी वडिलांनी नोंदवलं तेव्हा तिचा अनुक्रमांक दोनशे सहा होता. पुढच्यांची लग्नं होत गेली, नावं कटत गेली, आणि रेशनच्या रांगेत माणूस सरकावं तशी छाया सरकत सरकत क्रमांक एकवर येऊन ठेपली. दरम्यान वडील गेले, आई गेली, आणि आपल्याला लग्न करायचंच नाही हे तिला पक्कं कळलं. तिनं ते सांगितलंही, अनेकदा. पण लग्न नको म्हणणारी मुलगी लाजते आहे, यापलीकडे समाज भवनाची समज जात नव्हती. तिचं वय रुख्माबाईंनी मायेपोटी दहा वर्षांपूर्वीच चौतीसवर थांबवलं होतं. दरवर्षी परिचय पुस्तिका छापून आली की महिनाभर तिचा फोन वाजायचा. कोणी बिजवर विचारायचा, म्हशीची धार काढता येते का. एकानं तर बायको जिवंत असताना, ती फार आजारी आहे म्हणून आगाऊ चौकशी करून ठेवली होती. त्या रात्री छाया जेवली नव्हती.

यंदा तिनं लेखी अर्ज दिला: माझं नाव कमी करावं. चोरून खोडायचं तर एक कळ पुरली असती, संगणक दिवसभर तिच्यापुढेच असे. पण तिला ते चोरून नको होतं. ज्यांनी एकवीस वर्षं रांगेत उभं ठेवलं त्यांनीच सहीनिशी बाहेर काढावं, असा तिचा हट्ट होता. तीन सभा झाल्या. शनिवारी संध्याकाळी, संगणक बंद झाल्यावर, ठराव क्रमांक नऊ चारही सह्यांनिशी मंजूर झाला. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत पुस्तिकेची फाईल वर्ध्याच्या छापखान्यात पोचायची होती, कारण पुढच्या रविवारी मेळावा होता. शनिवारी छाया घरी जाताना अर्धा किलो जिलबी घेऊन गेली आणि एकटीनं खाल्ली.

सोमवार उजाडला. तारीख होती एक.

अकरा वाजता सगळे भिंतीकडे वळले. चंद्रभानजी बसले आणि पुटपुटले, "कॅपिटल एम..." छायाचे कान टवकारले. एम? सव्वा वर्ष तिथं के होता. पुढे हेमराजभाऊ बसले, त्यांच्या एकच्या जागी आज नऊ आला. श्रावण गुरुजींचं रोजचं "ए, बी, दोन" आज "बी, सी, तीन" झालं. रुख्माबाईंनी तेवढं नेहमीसारखं पाच, पाच, पाच केलं. संगणकानं पासवर्ड चुकल्याचं सांगितलं.

"रुख्माबाई, तुमचं चुकलं," चंद्रभानजी म्हणाले.

"माहं कायले चुकन? एकाच बटनावर तीनदा बोट मारतो मी!"

"थेच तं. दोनदा मारलं असन."

पुन्हा सगळे वळले, पुन्हा चुकलं. पाच वेळा असं झाल्यावर संगणक रुसला आणि थोड्या वेळानं प्रयत्न करा म्हणाला. तिघेही पुरुष रुख्माबाईंकडे असे बघत होते की जणू त्यांनी भर पंगतीत वरणात मीठ ओतलं असावं. चौघांत बरोबर तेवढ्या एकट्या होत्या, आणि हे ठाऊक होतं फक्त छायाला, जिनं त्याच दिवशी सकाळी आपल्याला काही माहीत नाही म्हणून सही केली होती.

तिनं गोपालला फोन लावला. गोपालचं वर्ध्याला संगणक दुरुस्तीचं दुकान. वीस दिवसांपूर्वी समाज भवनात 'संगणक वापरणाऱ्यांनी घ्यायची काळजी' या विषयावर त्याचं व्याख्यान झालं होतं आणि चौघेही पहिल्या रांगेत बसले होते. आज तो जाम गावाजवळ हायवेवरच्या ढाब्यावर कॅमेरे बसवत होता.

"उघडून देईन काकाजी, पन उद्या सकाळी," फोनच्या स्पीकरवरून तो ओरडला. "अन् जुनं सगळं टिकनच असं नाई. बॅकअप हाय ना तुमच्यापाशी?"

"हाय ना!" हेमराजभाऊ ऐटीत म्हणाले. "त्या कॉम्प्युटरच्याच आतमंदी ठेवला हाय. बाहेर ठेवला तं कोनी चोरन."

यावर गोपालनं फोन ठेवला.

मग छायानं छापखान्यात फोन लावला. तिथं गुलाबभाऊ पुस्तिकेची पानं लावायचे. मागच्या वर्षीची फाईल त्यांच्याकडे होतीच. "तीच घ्या," ती म्हणाली, "फक्त एक नंबरचं नाव काढून टाका. ठराव झाला हाय."

"फोनवर नाई काढता येत मॅडम. मी बी आलो होतो ना गोपालच्या भाषनाले. फोनवर कोनी कितीबी सांगो, आयकाचं नाई म्हने. मंडळाच्या ई-मेलवरून पाठवा."

"गुलाबभाऊ, मले वळखत नाई का तुमी? अठरा वर्सं झाले बोलून राह्यलो आपन."

"वळखतो ना. म्हनूनच तं! वळखीच्याच आवाजात फसवते म्हने आजकाल. पाचपर्यंत नाई आलं तं मांगच्या वर्सीची फाईल तारीख बदलून छापतो. जशीच्या तशी."

मंडळाचा ई-मेल फक्त त्याच संगणकावर उघडायचा, असाही एक ठराव होता. म्हणजे पाच वाजले की छाया पुन्हा क्रमांक एक, वय चौतीस, आणि पुन्हा महिनाभर धारा काढता येतात का. तिला रडू आलं नाही, संताप आला. इतकी वर्षं या माणसांनी आपल्याला सांभाळलं म्हणून ती गप्प राहत आली होती, आणि आता त्या सांभाळण्याचाच तिला उबग आला.

दोन वाजले. चौघांनी डबे खाल्ले. जेवणानंतर छायानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकाजी, आज एक तारीख ना? गोपालनं एक तारखेचं काई सांगतलं होतं का?"

चंद्रभानजींची छाती फुगली. "सांगतलं होतं. दर एक तारखेले पासवर्ड बदलवाव. मी आज सकाळीच बदलला."

"कुठं बदलला?" गुरुजींनी विचारलं.

"मनात."

गुरुजी डोक्यावर हात मारून घेतील असं छायाला वाटलं, पण गुरुजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मी बी." हेमराजभाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनीही रात्री झोपताना बदलला होता आणि जुना ज्या कागदावर होता तो कागद देवापुढच्या निरंजनावर जाळला होता. तिघांनी आपापला पासवर्ड आपापल्या डोक्यात बदलला होता, आणि बिचाऱ्या संगणकाला कोणीच कळवलं नव्हतं.

"मंग मी बरोबर होती!" रुख्माबाई उसळल्या. "सकाळपासून माह्या नावानं बोंबलून राह्यले तुमी!"

"तुमी काऊन नाई बदलला?" चंद्रभानजींनी उलट त्यांनाच झापलं. "सुरक्षा म्हनून काई हाय का नाई?"

"मले भाषनात झोप लागली होती."

व्याख्यानात झोपलेली बाई तेवढी कामाची निघाली. जुनी अक्षरं आठवा, असं छायानं हात जोडून सांगितलं. चंद्रभानजींना आठवेनात. जुना पासवर्ड विसरणं हे कर्तव्य समजून त्यांनी तो विसरण्यासाठी सकाळी तासभर हनुमान चालीसा म्हटली होती. हेमराजभाऊंना दोन आठवली, पण कोणती आधी आणि कोणती नंतर हे ठरेना. गुरुजींना तिन्ही स्वच्छ आठवत होती, फक्त ती टाकायला ते तयार नव्हते. मुदत संपलेला पासवर्ड वापरणं नियमात बसत नाही, नापास झालेल्या पोराला मागच्या वर्गाची मार्कशीट दाखवून पुढे ढकलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. यावर सभा भरली. सूचक हेमराजभाऊ, अनुमोदक कोणी नाही. सभेतच सव्वाचार वाजले.

छाया उठली.

"चौघंबी भिंतीकडे तोंड करा," ती म्हणाली.

सवयीनं चौघेही वळले. का वळलो हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. छाया खुर्चीवर बसली आणि दहा बोटांनी, काहीही न पुटपुटता, तिनं बाराच्या बारा अक्षरं टाकली. संगणक सुरू झाल्याचा आवाज इतका मोठा होता की तो थकलेल्या कानांनाही ऐकू गेला.

चौघे हळूहळू वळले. आधी त्यांना आनंद झाला. मग चंद्रभानजींना समजलं.

"तुले कसा ठावूक?"

"तुमी बोलता काकाजी. टाकताना. सगळेच बोलता."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

हेमराजभाऊंनी कपाटातून तिच्या सह्यांचे पंधरा कागद काढले आणि टेबलावर पसरले. तेरा महिने, चौदा महिने, आज सकाळचा धरून पंधरा. गुरुजींनी चष्मा लावून प्रत्येक सही तपासली. छायाला त्या कागदांची लाज वाटली, आणि लाज वाटली याचा राग आला.

"खोटं लिवलं मी," ती म्हणाली. "काढून टाका मले नोकरीतून. पन पयले माहं नाव काढू द्या. ठराव नऊ. सह्या तुमच्याच हायत."

तिनं यादी उघडली. क्रमांक एक समोर आला: छाया, वय चौतीस, उंची पाच फूट दोन, रंग निमगोरा, स्वभाव मनमिळाऊ. तेवढ्यात रुख्माबाईंनी तिचा खांदा धरला.

"काढतेच का वं पोरी? तुह्यासाठी वय थांबवून ठेवलं होतं मी. दहा वर्सं."

"मावशी, ते दहा वर्सं मी जगली हाव," छाया म्हणाली. "माय गेली त्यात. घर बांधलं त्यात. स्कुटी शिकली. तुमी कायले कापता ते?"

रुख्माबाईंनी हात काढून घेतला. त्यांचे डोळे भरले होते, आणि छायाला वाईटही वाटलं. तरी तिनं कळ दाबली आणि नाव गेलं.

नाव जाताच क्रमांक दोनची मेघा एक झाली आणि सगळी यादी एकेका पायरीनं वर सरकली. हेमराजभाऊ किंचाळले. मेळाव्याच्या खुर्च्यांना आणि छातीवरच्या बिल्ल्यांना नंबर लागून तयार होते, चौदाशे बिल्ले! एक जरी नंबर हलला तर मेघाच्या खुर्चीवर तीन नंबरचा अंकुश बसेल. नंबर हलता कामा नये. मग क्रमांक एकच्या जागी काय छापायचं? 'रिक्त' म्हटलं तर नोकरीची जाहिरात वाटते, 'रद्द' म्हटलं तर पोरीची बदनामी. घड्याळात पावणेपाच झाले होते. शेवटी अध्यक्षांनी डोळे मिटून मजकूर सांगितला आणि छायानं तो टाकला: 'क्र. १. सुरक्षेच्या कारणास्तव नाव, वय, फोटो दिलेला नाही.'

फाईल पाठवायला घेतली तर ती अर्ध्यावर अडकली. "डबा बाहेर काढा!" छाया ओरडली. या कामात मात्र चौघे वाघ होते. चार किल्ल्या कमरेतून निघाल्या, चार कुलपं पटापट उघडली, झाकण वर गेलं, आणि चंद्रभानजी वायफायचा डबा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून टेबलावर उभे राहिले. पाचला चार मिनिटं कमी असताना फाईल गेली. छायानं कपाळावरचा घाम पुसला आणि टेबलावर उभ्या असलेल्या अध्यक्षांना उतरायला हात दिला.

तिला काढून टाकायचा ठराव त्याच संध्याकाळी मांडला गेला, आणि मेळाव्यात चौकशीच्या टेबलावर बसायला दुसरं कोणी नाही हे लक्षात आल्यावर तो मेळावा संपेपर्यंत तहकूब झाला.

रविवारी वर्ध्याच्या मंगल कार्यालयात ही गर्दी. मंचावर मुलंमुली येऊन नाव-गाव सांगत होती, पण त्यांच्याकडे लक्ष कोणाचं होतं? सगळ्यांची बोटं पुस्तिकेच्या पहिल्या पानावर होती. नाव नाही, वय नाही, फोटो नाही, वरून सुरक्षा! कोणी म्हणालं, मोठ्या साहेबाची पोरगी असेल. कोणी म्हणालं, अमेरिकेत असते. वर्षानुवर्षं जिथं 'वय चौतीस' वाचून लोक पान उलटत आले, त्या जागेसाठी आता चौकशीच्या टेबलापुढे रांग लागली. जेवणाआधी एकतीस जणांनी क्रमांक एकसाठी आपल्या मुलाची माहिती लिहून दिली. एका डॉक्टर मुलाचे वडील तर हुंडाच काय, मानपानही नको म्हणत होते.

छाया टेबलामागे बसून सगळ्यांची नावं वहीत घेत होती. शेवटी हिंगणघाटकडची एक जरीच्या पातळातली बाई पुढे आली आणि टेबलावर वाकून दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, खरं सांगजा. एक नंबरची पोरगी हाय कशी?"

"चांगली हाय," छाया म्हणाली. "पन तिले लगन करायचं नाई."

"थे तं सगळ्याच म्हनते. पोरीचं सोडा. घरचे काय म्हनते तिच्या?"

छायानं पेन खाली ठेवलं. गेल्या एकवीस वर्षांत हा प्रश्न तिच्याबद्दल कितीदा विचारला गेला असेल, आणि प्रत्येक वेळी उत्तर दुसऱ्याच कोणी दिलं होतं.

"घरी थे एकलीच हाय," ती म्हणाली. "अन् घरच्याइचा साफ नकार हाय."

बाईनं मान हलवली. घरच्यांचाच नकार म्हटल्यावर तिला पटलं. ती पान उलटून क्रमांक दोनची चौकशी करायला लागली.